सहा वार पक्के, एक कच्चा

मंगळवार, १ जुलै २०२५

ही डायरी मागच्या वर्षी प्रशिक्षणात मिळाली. पहिल्या पानावर 'माझे ध्येय' असं छापून पुढं चार रेघा सोडल्यात. त्या चारही रेघा मोकळ्या ठेवून मी इथून सुरुवात करते. ध्येय ठरलं की लिहीन.

आज आमच्या सुपरवायझर बाई न सांगता आल्या. आल्या आल्या पोरांना म्हणाल्या, "वार म्हणून दाखवा बरं." माझ्या चौदा पोरांनी एका दमात गाणं म्हटलं, सोमवारपासून रविवारपर्यंत, एकही वार न गाळता. माझी छाती फुगली. मग त्यांनी विचारलं, "आज कोणता वार आहे?"

योगीराज म्हणाला, "खिचडी."

शुभी म्हणाली, "आज ढग हाय."

बाकीच्यांनी पुन्हा गाणं सुरू केलं आणि थांबायचं नाव घेईनात. बाईंनी कपाळाला हात लावला. जाताना मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "हर्षालीताई, चौदा मुलांची अंगणवाडी चालू ठेवायची म्हणजे मला वर काहीतरी दाखवता आलं पाहिजे. नाहीतर ओढ्यापलीकडच्या गावाला जोडून टाकतील. महिनाअखेरीला मी परत येते. निदान आज कोणता वार हे तरी मुलांना कळू द्या."

जोडणार म्हणजे बंदच करणार. पावसाळ्यात ओढ्याला पाणी आलं की आमच्या बोरजळग्यातली मोठी माणसं अलीकडं उभी राहून पलीकडच्यांशी बोलतात. तीन वर्षांचं पोर तिकडं कोण पाठवणार? पोरं घरी बसतील, उकिरड्यावर खेळतील, आणि सहाव्या वर्षी शाळेत जाऊन नुसती रडतील. शेजारच्या गावात हे झालेलं मी पाहिलंय.

माझ्या मदतनीस पार्वतम्मांना सांगितलं, तर त्या पातेलं घासता घासता म्हणाल्या, "मला तर पवायला बी येत न्हाय बाई." त्यांना फक्त स्वतःचं पडलेलं असतं.

गुरुवार, ३ जुलै

दोन दिवस गाण्याला चाली बदलून पाहिल्या. भजनाची चाल लावली, लग्नाच्या बँडची लावली. पोरं नाचतात छान. वार विचारला की ढग.

आज डोक्यात प्रकाश पडला. वार काय झाडाला लागतात का, पोरांना दिसायला? घरात काय होतं त्यावरनं वार कळतो. मला लहानपणी मंगळवार कळायचा, कारण त्या दिवशी आई केस कापू द्यायची नाही. शनिवारी मारुतीला तेल. पोरांना घरचंच विचारायचं. सोमवारी तुमच्या घरात काय करतात, काय करत नाहीत. गाणंबिणं बंद. सोमवारपासून सुरू करणार. ही युक्ती प्रशिक्षणात कुणी शिकवलेली नाही, माझी स्वतःची आहे, हे इथं लिहून ठेवते.

निघताना योगीराज म्हणाला, "म्याडम, उद्या सुट्टी."

मी म्हटलं, "अरे, उद्या शुक्रवार. सुट्टी रविवारी."

तो म्हणाला, "उद्या बी सुट्टी."

याला शुक्रवार आणि रविवारातला फरकच कळत नाही. पाच वर्षांचा घोडा झालाय. अवघड आहे.

शनिवार, ५ जुलै

काल माकणीला गेले होते. सुपरवायझर बाईंच्या बीटच्या ऑफिसात अहवाल द्यायचा असतो, ते ऑफिस माकणीच्या वाटेवरच आहे. आता अहवाल महिन्यातून एकदा असतो आणि शुक्रवार महिन्यातून चारदा येतो, त्याला मी काय करू? माहेर वाटेतच लागलं तर आईला तोंड दाखवू नये का?

डायरीशी खोटं बोलून काय उपयोग. माझं सासर माळकरी. लग्न ठरलं तेव्हा मुलगा पाहिला, शेत पाहिलं, पक्कं घर पाहिलं. ताटात काय असतं ते कुणी पाहिलं नाही. माझाही माळ घालण्याचा विधी झाला. माकणीत धरणाच्या काठावर वाढलेल्या पोरीला मासा सोडायला लावणं म्हणजे मांजराला एकादशी धरायला लावणं. माझा चुलतभाऊ गुरुवारी रात्री जाळं टाकतो. शुक्रवारी मी जाते. माळ काढून घड्याळाशेजारच्या खिळ्याला अडकवते, पोटभर खाते, दात घासते, माळ घालते, संध्याकाळच्या आत परत. कुणाचं काही बिघडत नाही. सरकारी मोबाईल मी पार्वतम्मांकडं ठेवून जाते, त्या वेळेवर हजेरीचं बटण दाबतात. अंगणवाडी उघडी दिसते, पोरांना खिचडी मिळते.

जाणं-येणं योगीराजच्या बापाच्या, लिंबाजीच्या वडापच्या जीपमधून. माणूस बोलका नाही, हे बरं.

काल काटा जरा घशात रुतला होता. सासूबाईंनी विचारलं, "गिळताना तोंड कामून वाकडं करायलीस?" मी म्हटलं, सर्दी.

सोमवार, ७ जुलै

माझी युक्ती चालली.

विचारलं, सोमवारी घरात काय होतं? एकानं सांगितलं, आई उपास करती. दुसऱ्यानं सांगितलं, आज्जा महादेवाला जातो. मग तिघं-चौघं एकदम ओरडली, "सोमवारी बैलाला सुट्टी." आमच्याकडं लिंगायतांच्या घरात सोमवारी बैल औताला जुपत नाहीत. नंदीचा वार. मी लगेच फळ्यावर बैल काढला, झाडाखाली बसलेला. बैल कमी आणि पार्वतम्मांची चटई जास्त दिसत होता, पण पोरांनी ओळखला.

तेवढ्यात शुभी उठली. शुभी म्हणजे शुभांगी, महालिंगप्पा आप्पांची नात. आमच्या अंगणवाडीच्या इमारतीला तीन वर्षांपूर्वी भेगा पडल्या, तेव्हापासून आम्ही आप्पांच्या कडब्याच्या खोलीत बसतो. आप्पा म्हणजे गावातल्या लिंगायतांचे मोठे. मठातली पूजा त्यांच्याशिवाय हलत नाही. कोण कुठल्या वारी काय करतं यावर त्यांचं बारीक लक्ष. मागच्या वर्षी गुंडाप्पानं सोमवारी बैलगाडी जुपली, तर आप्पांनी भर चावडीवर त्याचा पंचनामा केला होता.

शुभी म्हणाली, "आमच्या बैलाला सुट्टी नसती. आमचे बैल सोमवारी अमरसिंगकाकाच्या रानात कोळपं वडत्यात. पहाटंच जात्यात, अंधार हाय तवाच."

मी म्हटलं, "असं नसतं बाळा, तुझा घोटाळा झाला."

ती म्हणाली, "म्या बगितलंय. आज्जा म्हणतो, कुणाला सांगू नगं."

हसू दाबता दाबता माझा खोकला निघाला. पार्वतम्मा खिचडीच्या पातेल्यात तोंड घालून बसल्या. म्हणजे मठात धर्म, आणि अंधारात भाडं. घरी जाऊन यांना सांगितलं, तर हे पण हसले. हे हसले म्हणजे उद्यापर्यंत गावाला कळणार, ते मला तेव्हा सुचलं नाही.

गुरुवार, १० जुलै

मंगळवार पक्का झाला. बुधवार पक्का झाला. आज गुरुवार.

योगीराजनं गुरुवार एकदम समजावून सांगितला. "गुरवारी बाबा दारू पेत न्हाय, दत्ताचा वार हाय. म्हणून बुधवारी दोन दिसाची पेतो."

एवढ्या स्वच्छ शब्दांत मलाही वार सांगता आला नसता. पोरांना बुधवार आणि गुरुवार एकदम कळले, कारण प्रत्येकाच्या घरी कुणी ना कुणी कुठल्या ना कुठल्या देवासाठी आदल्या दिवशी उरकून घेतं.

शनिवारचं विचारलं. एक पोरगी म्हणाली, शनिवारी आज्जी उपास करती आणि चुलीमागं बसून भजी खाती. शुक्रवारचं विचारलं. सगळी एका आवाजात, "सुट्टी."

मी फळ्यावर शुक्रवारसाठी देवीचं चित्र काढलं, हळदीकुंकू काढलं. पुन्हा विचारलं. "सुट्टी." सहा वार असे बसलेत, आणि शुक्रवारीच का घोडं अडतंय कळत नाही. कदाचित शब्दच अवघड असेल.

शनिवार, १२ जुलै

काल माकणी. जाळ्यात कटला.

आज सकाळी पोरं सोडायला आलेल्या बायकांचे चेहरे पाहिले, तेव्हा कळलं की माझी युक्ती माझ्याआधी घरोघर पोचलीय. लिंबाजीच्या बायकोनं त्याला बुधवारच्या दुसऱ्या दिवसाच्या बाटलीबद्दल विचारलं म्हणे, तर तो दोन दिवस जीप घेऊन फिरत राहिला. चुलीमागच्या भज्यांवरून एका घरात सासू-सुनेची भांडी वेगळी झाली. मला गंमत वाटली. दहा वर्षं झाकून ठेवलेलं चार वर्षांच्या पोरांनी एका आठवड्यात उघडं केलं. लोकांनी खरं वागावं, म्हणजे पोरांची भीती राहणार नाही.

एक बाई म्हणाली, "म्याडम, तुमी पोरांना एबीशीडी शिकवा की. वाराचं कशाला काडायलाव?"

मी म्हटलं, "वरून आदेश आहे."

सोमवार, १४ जुलै

आज आप्पा आले. धोतर वर खोचलेलं, हातात काठी. पोरांसमोर काही बोलले नाहीत, मला बाहेर बोलावलं.

"काल मठात मला गुंडाप्पा काय म्हणला ठाव हाय का? म्हणला, आप्पा, तुमच्या बैलानं धरम बदलला का? सत्तर वर्सं झाली मला. आजपत्तर माझ्यापुढं मान वर करून बोलला न्हवता त्यो."

मी म्हटलं, "आप्पा, मी काही विचारलं नव्हतं. पोरीनं सांगितलं."

"पोरगी हाय ती. तुमी सांगायला लावलाव. घरातलं बाहीर काडायची साळा हाय का ही?"

मलाही राग आला. मी म्हटलं, "बैल जुपायचे नसतील तर जुपू नयेत. जुपायचे तर मठात दुसऱ्याला बोलू नये."

हे बोलायला नको होतं असं पार्वतम्मा नंतर म्हणाल्या. आप्पा म्हणाले, "उद्यापासनं खोली मोकळी करा." संध्याकाळी कडीला कुलूप लागलं. पोरांच्या पाट्या, वजनकाटा, खिचडीचं पातेलं सगळं आता मारुतीच्या पारावर आहे. वजनकाट्यावर कुत्रं बसलंय.

यांना सांगितलं, तर हे म्हणाले, "तुला कुणी सांगितलं होतं खरं शिकवायला?" पहिल्यांदा आपण होऊन गावभर केलं ते यांनीच.

गुरुवार, १७ जुलै

पारावर तिसरा दिवस. वरून पिंपळाची फळं पडतात, पोरं खातात. हे चालेल. पण दुसरं एक झालंय ते चालणार नाही.

आज विचारलं, "आज कोणता वार?"

योगीराज म्हणाला, "ठाऊक न्हाय."

"अरे, काल तर सांगितलास."

"ठाऊक न्हाय." मग हळूच, "आईनं सांगितलंय, म्याडमनं वार इचारला की ठाऊक न्हाय म्हण."

सगळ्यांना विचारलं. चौदाच्या चौदा, ठाऊक न्हाय. वार तेवढे सगळ्यांना माहीत आहेत, हे त्यांच्या डोळ्यांत दिसतं. तोंड शिवलंय. मी सोळा दिवस घासून जे शिकवलं, ते घरच्यांनी एका रात्रीत पुसलं.

आणि शुभी. शुभी तर ठाऊक न्हाय असंही म्हणत नाही. ती काहीच बोलत नाही. खिचडी हवी का विचारलं, तर ताट पुढं करते. लघवीला जायचं तर पार्वतम्मांचा पदर ओढते. सोमवारपासून घरातही बोलली नाही, असं तिची आई सांगत होती. आप्पांनी तिला मारलं नाही, रागावलेसुद्धा नाहीत म्हणे. फक्त म्हणाले, तू सांगितलंस म्हणून आज्जाला मान खाली घालायला लागली.

ती वाक्यावाक्याला 'म्या बगितलंय' म्हणणारी पोरगी. मी तिला खरं सांगायला शिकवलं आणि खरं सांगितल्यावर तिच्या आज्जानं खोलीला कुलूप लावलं. चार वर्षांच्या डोक्यात याचा काय अर्थ लागला असेल? मला आज खिचडी गेली नाही. हसत होते ना मी खोकून खोकून.

शनिवार, १९ जुलै

काल माकणीला गेले, पण जेवणात लक्ष लागलं नाही. दोनच तुकडे खाल्ले. आई म्हणाली, सासरी काही झालं का. मी म्हटलं, पोरं बोलत नाहीत. आई म्हणाली, बरंय की, माझी तर गप बसत नव्हती.

आज आप्पांच्या घरी गेले. आप्पा गोठ्यात बैलांना वैरण टाकत होते. मी म्हटलं, "आप्पा, खोलीचं राहू द्या. शुभीशी बोला."

"म्या बोलतो की. ती बोलत न्हाय." काही वेळ वैरण टाकली. मग बैलाच्या वशिंडावर हात ठेवून म्हणाले, "तुमी काय समजलाव, भाडं घेतो म्हणून?"

मी तसंच समजले होते.

"अमरसिंगाचा एक बैल मिरगात मेला. एका बैलानं कोळपं चालतं का? तण सोयाबीनला गिळाय लागलं. इतर वारी माझं सवताचं रान हाय. मोकळा वार एकच, सोमवार."

मी विचारलं, "मग गुंडाप्पाला असं सांगायचं की."

"काय सांगायचं? नेम मोडला त्यो मोडला. दुसऱ्याच्या बैलाचं म्या चावडीवर काडलं, आन माझं म्हणजी दया हाय, व्हय?"

एवढा हट्टी म्हातारा आणि एवढा सरळ, हे एकाच अंगात कसं बसतं कळत नाही. कुलुपाचं बोलायचं राहूनच गेलं.

गुरुवार, २४ जुलै

आज अमावस्या, उद्यापासून श्रावण. गटारी नेमकी गुरुवारी आली. लिंबाजीची गावानं फार कीव केली. दत्त आणि गटारी, एका माणसानं कुणाकडं बघायचं? शेवटी त्यानं बुधवारी तीन दिवसांची प्यायली, असं कळलं. योगीराजनं सांगितलं नाही, लिंबाजीच्या वासानंच सांगितलं.

पोरं अजून ठाऊक न्हायवरच आहेत. सोमवारी, अठ्ठावीसला सुपरवायझर बाई येणार असा निरोप आला. पालकांनाही बोलवा म्हणाल्या. अंगणवाडी राहणार की ओढ्यापलीकडं जाणार, ते त्या दिवशी ठरणार. शुभीला मी पाटीवर बैल काढून दाखवला. तिनं तो हातानं पुसला.

निघताना एका गोष्टीला मात्र पोरांचं तोंड उघडलं. सगळी म्हणाली, "उद्या सुट्टी." इतकी बंदी असूनही शुक्रवारचं चुकीचं उत्तर येतंच. हा वार शेवटपर्यंत कच्चाच राहणार.

उद्या श्रावणातला पहिला शुक्रवार. सासूबाई जिवतीचा कागद लावून लेकराबाळांसाठी पूजा करतील. मला जायला नको. पण भावानं जाळं टाकलंय, गणपतीपर्यंत आता हे शेवटचंच.

सोमवार, २८ जुलै

हे लिहायला हात उचलत नाही, पण लिहिते.

सकाळी पारावर गेले, तर आप्पांच्या खोलीचं कुलूप काढलेलं. आत झाडून घेतलेलं. आप्पा उंबऱ्यावर बसले होते. म्हणाले, "भायेरच्या माणसापुढं लेकरं पारावर बरी दिसत न्हाईत." बास, एवढंच.

सुपरवायझर बाई आल्या. पालक भिंतीला टेकून बसले. माझ्या सासूबाईसुद्धा आल्या होत्या. घरची सून परीक्षा देणार म्हणून नवं लुगडं नेसून. बाईंनी विचारलं, "बाळांनो, आज कोणता वार?"

"ठाऊक न्हाय."

बाई माझ्याकडं बघायला लागल्या. दुसऱ्याला विचारलं. ठाऊक न्हाय. तिसऱ्याला. भिंतीला टेकलेल्या बायका जमिनीकडं बघत होत्या. त्यांनीच पढवलेलं, आणि आता त्यांनाच त्याचं ओझं झालेलं. बाईंनी पेनाचं टोपण काढलं. मी म्हटलं, "मॅडम, त्यांना येतं." माझा आवाज मलाच पटला नाही.

तेव्हा आप्पा काठी टेकत उठले. पोरांच्या मधोमध, पोरांसारखेच मांडी घालून बसले. शुभीच्या समोर.

"शुभे, आज सोमवार हाय. सोमवारी आपले बैल कुठं असत्यात?"

शुभीनं मान खाली घातली.

"म्या सांगतो. आपले बैल अमरसिंगच्या रानात असत्यात. आज बी पहाटंच गेल्यात. म्या सवता जुपून दिलं." मग मागं बसलेल्या गुंडाप्पाकडं न बघता म्हणाले, "तू खरं सांगितलंस. आज्जा खोटं बोलला. तुझी चूक न्हाय. आता सांग म्याडमला, सोमवारी काय आसतं."

शुभीनं आज्जाच्या मिशीकडं पाहिलं, खरं का ते बघत असल्यासारखं. मग म्हणाली, "सोमवारी बैलाला सुट्टी आसती. आमच्या बैलाला नसती." आणि थोडं थांबून, "म्या बगितलंय."

आप्पांनी उपरण्यानं तोंड पुसलं. मी पण पुसलं. आणि मग पोरांचं जे तोंड सुटलं. मंगळवार, बुधवार, दोन दिसाची, गुरुवार, दत्त, शनिवार, चुलीमागची भजी, रविवार. बाई कुणालाही विचारायच्या, काल कोणता, उद्या कोणता, परवा कोणता, आणि उत्तर तयार. लिंबाजीनं जागेवरच डोळे मिटले, पण हसत होता. बाई म्हणाल्या, "अशी उत्तरं मी माझ्या एकाही अंगणवाडीत ऐकली नाहीत." माझी छाती पुन्हा फुगली. मग त्या म्हणाल्या, "शुक्रवार राहिला की."

"सुट्टी," सगळी म्हणाली.

मी हसून म्हटलं, "मॅडम, एवढा एक वार कच्चा आहे. रविवारशी गोंधळ होतो."

शुभी माझ्याकडं वळली. दोन आठवड्यांचं बोलणं साठलेलं तिच्यात. "गोंधळ न्हाय म्याडम. रविवारी कुलूप आसतं. शुक्रवारी पार्वतम्मा खिचडी देती आन म्हणती, जावा घरी, म्याडम न्हाईत."

योगीराजनं भर घातली, "म्याडम आमच्या बाबाच्या जीपमदी माकणीला जात्यात. मासं खाया."

मी पार्वतम्मांकडं पाहिलं. त्या छताकडं बघत होत्या. सासूबाई माझ्या गळ्याकडं बघत होत्या.

मंगळवार, २९ जुलै

निकाल असा. अंगणवाडी जोडणार नाहीत. मुलांची तयारी उत्तम आहे, असं बाई वर कळवणार. आणि सेविकेला प्रत्येक शुक्रवारचा खुलासा लेखी द्यायचाय. जीपमध्ये बसताना बाई म्हणाल्या, "मुलांना फार चांगलं शिकवलंत, ताई." टोमणा होता की शाबासकी, कळलं नाही. दोन्ही असेल.

मी महिनाभर बसून आप्पांना, लिंबाजीला, चुलीमागच्या म्हातारीला हसले. पोरं मला दर गुरुवारी माझा वार सांगत होती आणि मी त्यांनाच कच्ची म्हणत होते. लाज वाटते. आप्पांनी दुसऱ्याच्या तणासाठी नेम मोडला आणि सगळ्यांसमोर सांगितला. मी कटल्यासाठी मोडला आणि सर्दी झाली म्हटलं.

पार्वतम्मांना विचारलं, "मला आधी का सांगितलं नाही, की पोरं घरी पाठवता?" त्या म्हणाल्या, "तुमी इचारलाव कदी, शुक्रवारी काय हुतं म्हणून? पोरांना इचारत हुतात की."

आज नागपंचमी. सासूबाई काल संध्याकाळपासून बोलल्या नव्हत्या. आज पुरणाचे दिंड वाढताना म्हणाल्या, "माळ कुठं ठिवत हुतीस?"

"खिळ्याला."

"जमिनीवर न्हाय ना ठिवलीस?"

"नाही."

त्यांनी दिंडावर तूप वाढलं. एवढंच बोलणं झालं. उद्या काय होईल माहीत नाही.

शुक्रवार, १ ऑगस्ट

पहाटे लिंबाजीनं दाराशी हॉर्न वाजवला, सवयीनं. मी हात हलवून नाही म्हटलं. तो थोडा वेळ थांबला, त्याला पटेना.

दहाला खोली उघडली. पोरांच्या पाट्या मांडल्या. साडेदहा झाले, एक पोर नाही. पार्वतम्मा म्हणाल्या, "आज शुक्रवार हाय बाई, कोण यील?" मग मी घरोघर गेले. योगीराज चिखलात ट्रॅक्टर चालवत होता. मला पाहून उठला आणि आत ओरडत गेला, "आये, आज शुक्रवार न्हाय. म्याडम आल्यात." त्याच्या आईनं बिचारीनं भिंतीवरचं कॅलेंडर बघून खात्री केली.

अकरापर्यंत चौदा पोरं जमली. मी विचारलं, "आज कोणता वार?"

गुरुवार म्हणाली काही. काही म्हणाली शनिवार. मी म्हटलं, "नाही रे. आज शुक्रवार."

पोरं हसायला लागली. मी चेष्टा करतेय असंच त्यांना वाटलं. मी पुन्हा सांगितलं, मोठ्यानं सांगितलं, मोबाईल काढून दाखवला. शुभी माझ्याजवळ आली आणि मी त्यांना समजावते तशा सावकाश आवाजात म्हणाली, "म्याडम, तुमी हितं हाव की. मंग शुक्रवार कसा आसल?"

मी म्हटलं, "आता मी शुक्रवारीही येणार."

तिनं माझ्याकडं नीट पाहिलं. तिला एवढ्यानं पटणार नाही, पुढच्या शुक्रवारी बघूनच पटेल, त्याच्या पुढच्या शुक्रवारी कदाचित. मग ती जागेवर जाऊन बसली आणि बाकीच्यांना म्हणाली, "हसू नगा रं. म्याडमचा शुक्रवार अजून कच्चा हाय."

मी फळा पुसला आणि पुन्हा सोमवारपासून सुरुवात केली.